आयटीचं सर्टिफिकेट : आधी काम निवडा, कागद नंतर



दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्यासारख्या प्राथमिक शिक्षकांचेही फोन वाजू लागतात. मुलं आपल्या हातातून चौथीलाच पुढे गेलेली असतात, पण विचारायला हक्काचं माणूस म्हणून पालकांना अजूनही पहिलीच्या मॅडम किंवा गुरुजीच आठवतात. गेल्या तीन-चार वर्षांत तर एकच प्रश्न वारंवार येतोय. "मॅडम, पोराला आयटीत घालायचंय. कोणता कोर्स लावू?"

हा 'लावू' शब्द बघा. आपण दूध लावतो, पेपर लावतो, शिकवणी लावतो. एकदा लावलं की घरपोच येतं आणि महिन्याला पैसे दिले की आपलं काम संपलं. आयटीचं शिक्षण मात्र असं घरपोच येत नाही. आणि इथे चूक पडली तर पेपरवाल्याला नको म्हणण्याइतकं ते स्वस्तही नसतं.

मी डीएड झालेली शिक्षिका, आयटीतली तज्ज्ञ नव्हे. पण माझा धाकटा भाऊ पुण्यात याच क्षेत्रात आहे. तो एका ऑफिसात लोकांचे प्रिंटर आणि पासवर्ड दुरुस्त करत सुरुवातीला लागला आणि आज सर्व्हर सांभाळतो. शिवाय माझे काही माजी विद्यार्थी आता वीस-बावीस वर्षांचे झालेत आणि याच वाटेवर धडपडतायत. त्यांच्याकडे बघून माझं एक मत पक्कं झालंय. आधी काम ठरवावं, मग ते काम हातांनी करून शिकावं, आणि ज्या दारावर सर्टिफिकेट मागतात त्या दारासाठी तेवढं एक सर्टिफिकेट घ्यावं. आपल्याकडे बहुतेक घरांत हे नेमकं उलट्या क्रमाने चालतं.

एमएससीआयटी आठवा

शिक्षकांना हे समजावून सांगायची खरं तर गरज नाही. एमएससीआयटी आपण सगळ्यांनीच केली आहे. २००१ साली सुरू झालेला हा कोर्स सरकारी नोकरीला लागतो, म्हणून आपण केंद्रावर जाऊन बसलो, परीक्षा दिली, प्रमाणपत्र सेवापुस्तकाला जोडलं. कोर्स वाईट नाही. माऊस हातात धरायला घाबरणाऱ्या कितीतरी लोकांची भीती त्याने घालवली.

पण आज केंद्रात यू-डायस प्लसची माहिती भरताना एखादा विद्यार्थी दोन शाळांत दिसू लागला, किंवा शालार्थचं बिल अडकलं, तर आपण फोन कुणाला करतो? प्रत्येक केंद्रात असा एक जण असतोच. त्याला एमएससीआयटीला किती मार्क होते हे आपण कधी विचारलंय का? तो आपल्याला आठवतो कारण सरल पोर्टल नवीन होतं तेव्हा रात्री अकरानंतर, साइट जरा मोकळी झाल्यावर, तो बसून बसून सगळं शिकला. पानावर लाल अक्षरांत काय आलंय ते बंद न करता वाचलं. प्रमाणपत्र तर आपल्या सगळ्यांकडे सारखंच आहे.

आयटी कंपनीतही याहून फार वेगळं नसतं असं भाऊ म्हणतो. सर्टिफिकेटने मुलाखतीला बोलावतात, कधी कधी. पण रात्री दोन वाजता सर्व्हर बंद पडला की फोन कुणाला जातो, त्यावर माणसाची किंमत ठरते.

आयटी म्हणजे नक्की काय?

'आयटीत घालायचंय' म्हणजे 'दवाखान्यात नोकरीला लावायचंय' म्हणण्यासारखं झालं. डॉक्टर, नर्स, लॅबवाला, फार्मासिस्ट, सगळे दवाखान्यातच असतात, पण प्रत्येकाची वाट निराळी. आयटीतही कुणी प्रोग्राम लिहितं, कुणी दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधतं, त्याला टेस्टिंग म्हणतात. कुणी नेटवर्क सांभाळतं, कुणी सर्व्हर आणि क्लाउड, कुणी आकडेवारीतून अहवाल काढतं. आणि कुणी दिवसभर फोनवर "सर, एकदा बंद करून चालू करा" सांगतं. हे शेवटचं सपोर्टचं काम हसण्यावारी नेऊ नका. पदवी साधारण आणि ओळखपाळख शून्य अशा मुलांना आत शिरायला बऱ्याचदा हेच दार उघडं असतं.

यातलं प्रोग्राम लिहिण्याचं काम घ्या. तिथे सर्टिफिकेटला फारसं कुणी विचारत नाही. मोठ्या कंपन्या फ्रेशर घेताना पदवी बघतात, बऱ्याचदा टक्क्यांची अट घालतात, मग अ‍ॅप्टिट्यूड आणि कोडिंगची चाचणी घेतात. बीसीए, बीएससी कॉम्प्युटर किंवा इंजिनिअरिंग अर्धवट सोडून 'पायथनचा कोर्स' केलेल्या मुलाला त्या दारातून आत जाणं फार कठीण असतं. पालकांनी हे आधी नीट ऐकावं, कारण पदवीच्या जागी सर्टिफिकेट चालेल असं सांगणारे खूप भेटतात.

नेटवर्क आणि सर्व्हरच्या कामात चित्र थोडं वेगळं आहे. तिथल्या जाहिरातींत सिस्कोच्या सीसीएनएचं किंवा रेड हॅटच्या आरएचसीएसएचं नाव दिसतं. म्हणून मी पालकांना एक साधी गोष्ट करायला सांगते. मुलाला नोकरी डॉट कॉम किंवा लिंक्डइन उघडून बसवा. त्याला जे काम करायचंय त्याच्या, शून्य ते दोन वर्षं अनुभव मागणाऱ्या वीस जाहिराती वाचायला लावा, आणि काय काय मागितलंय ते वहीत लिहून काढू द्या. ज्या सर्टिफिकेटचं नाव त्या वीसपैकी एकातही आलं नाही, त्यावर सध्या पैसे घालू नका. एका रविवारचं काम आहे आणि फी शून्य.

परीक्षा कशी घेतात ते बघा

आपण मूल्यमापनावर एवढी प्रशिक्षणं घेतो. लेखी, तोंडी, प्रात्यक्षिक यांतला फरक आपल्याला चांगला कळतो. तोच चष्मा इथे लावायचा.

रेड हॅटची आरएचसीएसए ही परीक्षा पूर्ण प्रात्यक्षिक असते. चार पर्याय नाहीत. समोर लिनक्सचं मशीन देतात आणि कामं सांगतात : अमुक वापरकर्ते तयार कर, त्यांना एवढेच अधिकार दे, डिस्कची जागा वाढव, आणि मशीन बंद करून पुन्हा चालू केल्यावरही सगळं टिकलं पाहिजे. इंटरनेट बंद. पोहता येतं का हे पाण्यात टाकूनच बघायचं, असा हा प्रकार. यात पास झालेल्या मुलाला काहीतरी येतं, हे समोरच्यालाही माहीत असतं.

दुसऱ्या टोकाला अ‍ॅमेझॉनचं क्लाउड प्रॅक्टिशनर. ९० मिनिटं, ६५ प्रश्न, सगळे पर्याय निवडण्याचे, फी १०० डॉलर. क्लाउड म्हणजे काय, कोणती सेवा कशाला वापरतात, एवढी ओळख त्यात तपासतात. ते विक्री विभागातल्या, हिशेब बघणाऱ्या लोकांसाठीही आहे असं ती कंपनी स्वतःच सांगते. ओळख म्हणून छान. पण "क्लाउडचं सर्टिफिकेट आहे, आता चाळीस हजारांची नोकरी" असं कुणी सांगितलं तर समजून जा.

सीसीएनए या दोन्हींच्या मधलं. दोन तासांची परीक्षा, फी ३०० डॉलर, कर धरला तर पंचवीस हजारांच्या वर जाते. अभ्यासक्रम भरीव आहे, नेटवर्कमध्ये जाणाऱ्याचा पाया त्यातून होतो. पण नापास झालं तर पुन्हा सगळी फी भरावी लागते. आणि एक गोष्ट क्लासवाले सहसा आधी सांगत नाहीत. ही तीनही सर्टिफिकेटं तीनच वर्षं चालतात. नंतर पुन्हा परीक्षा द्या किंवा त्या त्या कंपनीच्या नियमाप्रमाणे नूतनीकरण करा. एकोणिसाव्या वर्षी, पदवीच्या दुसऱ्या वर्षाला मोठी फी भरून घेतलेलं सर्टिफिकेट नोकरी शोधायची वेळ येईपर्यंत अर्धं संपलेलं असतं. म्हणून पदवीच्या शेवटच्या सहा महिन्यांत, तेही सराव पक्का झाल्यावर, परीक्षा द्यावी असं मला वाटतं.

बाजारात 'डंप' नावाचा प्रकार मिळतो. म्हणजे आधी आलेल्या प्रश्नांचे चोरलेले संच. आपल्याकडच्या 'हमखास येणारे प्रश्न'चाच थोरला भाऊ. पाठ करून पास होणारे होतात, पण तो गैरप्रकार आहे आणि उघड झालं तर सर्टिफिकेट रद्द होऊ शकतं. भाऊ आता मुलाखती घ्यायला बसतो. तो म्हणतो, असा मुलगा दुसऱ्या प्रश्नालाच कळतो. "हे सेटिंग तू कधी केलंस, तेव्हा काय बिघडलं होतं?" असं विचारलं की गप्प होतो.

आणि ते मोफत वेबिनारला तास-दीड तास बसल्यावर मिळणारं रंगीत प्रमाणपत्र? त्याला हजेरी म्हणतात. लॉकडाऊनमध्ये आपणही अशी बरीच जमवली. असो.

पंच्याऐंशी हजार

मागच्या वर्षी एक पालक शाळेत आले होते. दोन एकर कांदा, मुलगा बीएससीच्या शेवटच्या वर्षाला. शहरातल्या एका क्लासने पंच्याऐंशी हजार सांगितले होते : नेटवर्किंग, लिनक्स, क्लाउड, सायबर सिक्युरिटी, सगळं सहा महिन्यांत, 'शंभर टक्के प्लेसमेंट'सकट. पैसे एकदम नसतील तर हप्त्याची सोय. कांद्याचे पैसे नुकतेच हातात आले होते आणि त्यांना माझं फक्त 'हो' हवं होतं.

मी हो किंवा नाही म्हटलं नाही. क्लासला चार गोष्टी विचारून यायला सांगितलं. सर्टिफिकेट कुणाचं मिळणार, सिस्को-रेड हॅटचं की क्लासचं स्वतःचं? परीक्षेची फी पंच्याऐंशी हजारांत आहे का? शंभर टक्के प्लेसमेंट लेखी देणार का, आणि कोणत्या पगाराची? हप्ते म्हणजे क्लासला द्यायचे की कर्ज काढून फायनान्स कंपनीला?

चारही उत्तरं घेऊन ते परत आले. सर्टिफिकेट क्लासचं. परीक्षा फी वेगळी. लेखी कागदावर 'प्लेसमेंट सहाय्य' असा शब्द, म्हणजे मुलाखतीचे पत्ते देणार, नोकरी नाही. आणि हप्ते फायनान्स कंपनीचे, कर्ज वडिलांच्या नावावर. हे शेवटचं सगळ्यात वाईट. क्लास आवडला नाही, मुलाने मध्येच सोडला, किंवा उद्या क्लासच बंद झाला, तरी कर्जाचा हप्ता खात्यातून कटतच राहतो. तो थकला की पुढच्या पीककर्जाच्या वेळी बँक सिबिल दाखवते.

त्यांनी पैसे भरले नाहीत. मुलगा आता तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आहे, महिन्याला नऊ हजारांवर. दिवसा बँका आणि पतसंस्थांमध्ये केबल ओढतो, राउटर बसवतो, आणि रात्री अभ्यास करतो. त्याला अजून कंपनीत नोकरी लागलेली नाही. गावात काही जण "मॅडमने पोराचं नुकसान केलं" असंही म्हणतात, ते माझ्या कानावर येतं. पण त्याच्या डोक्यावर कर्ज नाही, आणि केबल कुठे तुटली हे शोधायला त्याला आता कुणाला विचारावं लागत नाही.

सगळे क्लास फसवे असतात असं माझं म्हणणं नाही. चांगला शिकवणारा मिळाला तर पैसे वसूल होतात. दोन-तीन तास वर्गात बसू देत नसतील तर मात्र तिथे पैसे भरू नका. आपल्या शाळेत पालक येऊन वर्ग बघतातच की.

फुकट शिकता येतं, पण बसावं लागतं

आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प कितीतरी शिक्षकांनाही माहीत नाही. लिनक्स, लिब्रेऑफिस, पायथन, सी अशा विषयांचे साधारण दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ, आणि त्यांतले बरेच मराठीत ऐकता येतात. व्हिडिओ थोडा थांबवायचा, शेजारच्या खिडकीत तेच करून बघायचं, अशी रीत आहे. अगदी आपल्या 'ऐक आणि कर'सारखी. एनपीटीईएलचे अभ्यासक्रम आयआयटीचे प्राध्यापक शिकवतात, शिकायला पैसे पडत नाहीत, परीक्षा द्यायची तरच शुल्क. नेटवर्क शिकणाऱ्याला सिस्कोचा पॅकेट ट्रेसर मोफत मिळतो. त्यात राउटर-स्विच पडद्यावरच जोडून बघता येतात, खरे विकत घ्यावे लागत नाहीत. घरातला जुना, हळू झालेला कॉम्प्युटर लिनक्स टाकला की बऱ्याचदा पुन्हा चालायला लागतो, आणि बिघडला तर बिघडू दे म्हणून त्यावर मनसोक्त प्रयोग होतात. क्लाउडवर सराव करताना मात्र जपून. काम झाल्यावर मशीन बंद करायचं राहिलं तर शेतातली मोटर रात्रभर चालू राहावी तसं बिल चढतं.

दहावीनंतरच्या मुलांसाठी आयटीआयचा 'कोपा' हा एक वर्षाचा ट्रेड आहे, पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा आहे आणि त्यानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. हे सगळ्यांना माहीत असतं, फक्त चकचकीत जाहिरात नसल्यामुळे आठवत नाही.

पण नुसतं बघून काही येत नाही. माझी एक माजी विद्यार्थिनी, तिच्या घरी दूध संकलन केंद्र. दर दहा दिवसांनी बिलं काढायची : लिटर, फॅट, एसएनएफ, त्यावरून दर, गायीचा वेगळा, म्हशीचा वेगळा, त्यातून पशुखाद्याची उचल वजा. वडील रात्र-रात्र कॅल्क्युलेटर घेऊन बसायचे. बीसीएच्या पहिल्या वर्षाला तिने हे आधी एक्सेलमध्ये बसवलं, मग पायथन शिकत शिकत त्याचा छोटा प्रोग्राम केला. पहिल्याच बिलाला घोळ झाला. कुणीतरी फॅट ३.५ ऐवजी ३५ टाकली आणि एका शेतकऱ्याचं बिल भलतंच निघालं. मग तिने अमुक आकड्यापलीकडची फॅट प्रोग्रामने घ्यायचीच नाही अशी सोय केली. मग वीज गेली आणि सकाळच्या नोंदी गेल्या. मग तिने नोंद झाली की लगेच साठवायची युक्ती शोधली. दीड वर्ष हे असंच चाललं.

मुलाखतीत तिला वीस मिनिटं फक्त याच प्रोग्रामबद्दल विचारलं. तिच्याकडे एकही विकतचं सर्टिफिकेट नव्हतं. ती आज पुण्यात टेस्टिंगला आहे, कारण आकडा चुकीचा आला तर काय होईल हा प्रश्न तिला आपोआप पडतो. आपल्या गावात असली कामं पडलेलीच आहेत हो. भिशीचा हिशेब, ग्रंथालयाची नोंद, पाणीपट्टीची थकबाकी, ट्रॅक्टरच्या तासांची वही. मुलाला एक धरू द्या आणि शेवटपर्यंत न्यायला लावा. आता एआय प्रोग्राम लिहून देतो, मग शिकायचं कशाला, असंही पालक विचारतात. देतो ना लिहून. पण फॅट ३५ असू शकत नाही हे त्या घरातल्या मुलीलाच माहीत होतं.

आणि आपण, पहिली ते चौथीवाले?

दुसरी-तिसरीच्या मुलांना 'कोडिंग सर्टिफिकेट' देणाऱ्या जाहिराती पालक मला पाठवतात. माझं उत्तर ठरलेलं आहे : नको. त्या वयात मुलाला सूचना वाचून कृती करता आली, तर आयटीची पूर्वतयारी झाली समजा. आपल्या वर्गात कागदाची होडी करायची कृती फळ्यावर लिहा आणि तोंडाने एक शब्दही बोलू नका. किती मुलं वाचून करतात बघा. बाकीची शेजाऱ्याकडे बघून करतात. हीच मुलं पुढे कॉम्प्युटरवर संदेश आला की न वाचता 'ओके' दाबतात.

दुसरं, "मॅडम, होत नाहीये" हे वाक्य मी वर्गात चालू देत नाही. काय करत होतास, काय व्हायला हवं होतं, आणि झालं काय, ही तीन वाक्यं सांगायची. गणित असो की टॅब. चौथीपर्यंत मुलं आपणहून तसं सांगायला लागतात. भावाला हे सांगितलं तर तो हसला. म्हणाला, आमच्याकडे पदवीधरांना हेच शिकवायला सहा महिने जातात, आणि तक्रार कशी लिहायची याचा नमुनाही हुबेहूब असाच आहे.

इंग्रजीचंही बोलायला हवं. या परीक्षा बहुतेक इंग्रजीत, पडद्यावरचे संदेश इंग्रजीत. फर्डं बोलता नाही आलं तरी भागतं, पण चार ओळी शांतपणे वाचून अर्थ लावता यायला हवा. मराठी माध्यमातली मुलं इथे अडखळतात ती अक्कल कमी म्हणून नव्हे. इंग्रजी वाचन म्हणजे पाठातले प्रश्न सोडवणं एवढंच त्यांनी केलेलं असतं. बिस्किटाच्या पुड्यामागचं, खताच्या पिशवीवरचं, मिक्सरच्या माहितीपत्रकातलं इंग्रजी वाचून घ्या. पाचवीपासून हे सहज होतं.

जाता जाता एक बारीक पण कामाची गोष्ट, खास पहिलीच्या वर्गशिक्षकांसाठी. या सर्टिफिकेट परीक्षांना परीक्षा केंद्रावर ओळखपत्र बघतात, आणि नोंदणीतलं नाव ओळखपत्रावरच्या नावाशी जुळावं लागतं. जुळलं नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत, फी जाते. आमच्या गावातल्या एका मुलाचं आधारवर एक स्पेलिंग, दहावीच्या प्रमाणपत्रावर दुसरं, पॅनवर तिसरं. त्याला ते सरळ करायला पाच महिने लागले. त्याची सुरुवात पहिलीच्या प्रवेशाच्या दिवशी झाली होती. तेव्हा यंदा जनरल रजिस्टर आणि यू-डायसमध्ये नाव भरताना जन्मदाखला आणि आधार शेजारी ठेवा, आणि इंग्रजी स्पेलिंग पालकांना वाचून दाखवा. दोन ठिकाणी वेगळं दिसलं तर तेव्हाच, त्याच आठवड्यात, आधार केंद्रावर पाठवा.